कर्लने १६,३६८ फायली उतरवल्या, एरर एकही नाही, तरी काही उघडत नाहीत. मदत हवी

बालाघाटी (धागाकर्ता) · सोमवार, रात्री १०.४८

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी प्रोग्रामर नाही, शेतीचा पदवीधर आहे. एका छोट्या संस्थेत मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतल्या पावसाच्या खंडांवर काम करतोय. म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये सलग किती दिवस आभाळ कोरडं राहिलं, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत हे खंड लांबलेत का.

त्यासाठी चर्प्सचा डेटा वापरायचा ठरलं. सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातला एक गट तो बनवतो. उपग्रहाची निरीक्षणं आणि जमिनीवरची पर्जन्यमापकं यांचा मेळ घालून १९८१पासून रोजची एक फाइल. ०.०५ अंशाचे चौकोन, म्हणजे आपल्याकडे एका चौकोनाची बाजू साधारण साडेपाच किलोमीटर. सगळं उघड्यावर ठेवलंय, लॉगिन नाही, पैसे नाहीत.

ब्राउझरमधून एकेक फाइल उतरवायला घेतली. जून १९८१ संपेपर्यंत बोटं दुखायला लागली. मग ऑफिसातल्या उबंटू (लिनक्स) मशीनवर कर्लचं (पत्ता दिला की फाइल उतरवणारी आज्ञा) छोटं स्क्रिप्ट लिहिलं. तीन लूप: वर्ष १९८१ ते २०२४, महिना १ ते १२, दिवस १ ते ३१. दोन रात्री चाललं. एकही एरर नाही. खूश होतो.

आज पायथॉनने उघडायला गेलो तर मध्येच 'ही जीझिप फाइल नाही' म्हणून अडतं (जीझिप म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, नावाच्या शेवटी जीझेड). ती फाइल वगळली की पुढे दुसरी. फोल्डरमध्ये १६,३६८ फायली आहेत. डिस्क खराब झाली असेल का?

(आज्ञा देवनागरीतच लिहितोय, इथला नियमच तो आहे. समजून घ्या.)

चहाबाज · सोमवार, रात्री ११.१०

डिस्क तपासून घ्या एकदा. आणि शेलच्या (टर्मिनलवरच्या आज्ञांच्या) भानगडीत पडूच नका, सरळ पायथॉनमधून रिक्वेस्ट्स ही फायली आणणारी लायब्ररी वापरा.

शेलारमामा · सोमवार, रात्री ११.३२

डिस्कला कशाला दोष देता? जरा हिशोब करा. १९८१ ते २०२४ म्हणजे ४४ वर्षं. ४४ गुणिले ३६५ झाले १६,०६०. त्यात ११ लीप वर्षं, म्हणजे १६,०७१ दिवस. तुमच्याकडे फायली १६,३६८. वरच्या २९७ कुठून आल्या?

आकारानुसार यादी लावा (एलएस मायनस एल, कॅपिटल एस) आणि तळाची, म्हणजे सर्वांत लहान फाइल हेडने उघडून पहिल्या चार ओळी इथे सांगा. चहाबाज, पायथॉनलाही हेच झालं असतं, सर्व्हरचा स्टेटस (उत्तराचा कोड) न तपासता लिहिलं तर.

बालाघाटी · सोमवार, रात्री ११.५१

मामा, काय सांगू.

सर्वांत लहान फायलींतली एक आहे चर्प्स-व्ही२.०.१९८७.०६.३१.टिफ.जीझेड. आत पहिल्याच ओळीत 'डॉकटाइप एचटीएमएल', आणि खाली मोठ्या अक्षरांत '४०४ नॉट फाउंड'.

३१ जून. मी ३१ जून मागितला. दर वर्षी. ३० फेब्रुवारीही मागितला.

निशाचर · मंगळवार, रात्री १२.०४

😂😂 ३१ जूनला मराठवाड्यात पाऊस किती झाला ते तरी सांगा.

शेलारमामा · मंगळवार, सकाळी ७.१५

हसू नका रे, सगळ्यांचं होतं हे. आता कारण बघू.

कर्लच्या नजरेने त्याचं काही चुकलं नाही. सर्व्हरकडे गेला, सर्व्हरने उत्तर दिलं, ते उत्तर त्याने तुम्ही सांगितलेल्या नावाने लिहून ठेवलं. उत्तर 'नाही' असलं तरी ते उत्तरच. निरोप पोचवणाऱ्या पोरासारखं आहे हे. 'काका घरी नाहीत' हा निरोपही तो तितक्याच इमानाने आणतो, आणि बाहेर पडताना एक्झिट कोड शून्य, म्हणजे 'सगळं ठीक'. तुमच्या स्क्रिप्टला वाटतं काम फत्ते.

कर्लला मायनस एफ हा पर्याय लावा. मग सर्व्हरकडून ४००च्या पुढचा कुठलाही नकाराचा कोड आला की कर्ल फाइल लिहीत नाही आणि २२ कोड घेऊन बाहेर पडतो. सोबत मायनस कॅपिटल एल, म्हणजे पत्ता बदलला असेल तर तो नव्या पत्त्यावर जाईल. आणि रीट्राय ५. डब्ल्यूगेट (कर्लसारखाच फायली आणणारा) मुळातच ४०४चं पान साठवत नाही आणि कोड ८ देतो, म्हणून अशा कामाला मी डब्ल्यूगेट घेतो. पण कोड तपासायचा दोन्हीकडे.

दुसरं. तारखांचे लूप हाताने लिहू नका. महिन्यात दिवस किती हे डेट आज्ञेला ठाऊक असतं. १९८१-०१-०१ पासून 'अधिक १ दिवस' करत चला, २०२५ आलं की थांबा. लीप वर्षाची काळजी तिची.

तिसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. फाइल कधीही खऱ्या नावाने उतरवू नका. शेवटी 'अर्धवट' असं काहीतरी शेपूट लावून उतरवा. आली की जीझिप मायनस टी ने तपासा, फाइल धड आहे का ते ती सांगते. पास झाली तरच एमव्हीने खरं नाव द्या. एकाच फाइलसिस्टमवर नाव बदलणं एका झटक्यात होतं, मधली अवस्था नसते. म्हणजे फोल्डरमध्ये खऱ्या नावाची फाइल दिसली की ती पूर्ण आहे. स्क्रिप्ट परत चालवलं तर असलेलं वगळायचं, नसलेलं आणायचं. लाइट गेली, राउटर बसला, काही फरक नाही.

उरलेल्या १६,०७१वरही जीझिप मायनस टी चालवून घ्या. दोन रात्रींत एकदा तरी लाइट गेलीच असेल.

बालाघाटी · मंगळवार, दुपारी १.२०

गेली होती. २९७ उडवल्या. उरलेल्यांत ४ फायली अशा निघाल्या की सुरुवात बरोबर, पण 'अनपेक्षित शेवट'. आकार बघून कधीच कळलं नसतं, कारण दर दिवसाची जीझेड वेगवेगळ्या आकाराची असते.

चहाबाज · मंगळवार, दुपारी २.०५

उघडल्यावरचा आकार मात्र ठरलेला असतो ना? चर्प्सचं जाळं ७,२०० गुणिले २,००० चौकोनांचं आहे, दर चौकोनाला ४ बाइट. ५,७६,००,००० बाइट आणि वर टिफचं थोडं डोकं. त्याहून कमी निघालं तर फाइल तुटकी.

असाच हिशोब पुण्याच्या हवामान विभागाच्या ०.२५ अंशाच्या पावसाच्या फायलींना लावता येतो. त्या वर्षाला एक, साध्या बायनरी. १३५ गुणिले १२९ गुणिले ३६५ गुणिले ४ = २,५४,२५,९००. लीप वर्षाला २,५४,९५,५६०. एलएस मारलं की पाच सेकंदांत कळतं कुठलं वर्ष अर्धं आलंय. आमच्या लॅबच्या भिंतीवर हे दोन आकडे लिहून ठेवलेत.

(पायथॉनचं बोलणं मागे घेतो.)

सातासमुद्रापार · मंगळवार, दुपारी ४.४०

धागा आवडला. मी जर्मनीत भूगणितात (पृथ्वीच्या मोजमापाचं शास्त्र) काम करते, जीपीएसच्या निरीक्षणांवर. आमच्या फायली मेरीलँडमधल्या नासाच्या गॉडर्ड केंद्राच्या सीडीडीआयएस आर्काइव्हमधून येतात. मामांनी सांगितलेला मायनस एफही मला एकदा पुरला नव्हता, तेवढं सांगते.

पूर्वी तिथे निनावी एफटीपी (फायली देण्याघेण्याची जुनी पद्धत) होतं. नाव 'अनॉनिमस', पासवर्डच्या जागी आपला ईमेल, झालं. एलएफटीपीचा मिरर (तिकडच्या फोल्डरची आपोआप प्रत ठेवणारा) लावून ठेवला होता, वर्षानुवर्षं बघावं लागलं नाही. ३१ ऑक्टोबर २०२०ला ते बंद झालं. आता एचटीटीपीएस आणि नासाच्या अर्थडेटाचं लॉगिन. गंमत म्हणजे त्यासाठी जी फाइल लागते ती एफटीपीच्या काळातलीच: होम डिरेक्टरीतली डॉट नेटआरसी. एका ओळीत मशीन, लॉगिन, पासवर्ड. मशीन म्हणून आर्काइव्हचं नाही, तर लॉगिन घेणाऱ्या सर्व्हरचं नाव लिहायचं. परवानगी ६००, म्हणजे फक्त आपल्याला वाचता येईल अशी. कर्लला मायनस एन सांगावं लागतं, डब्ल्यूगेट आपणहून वाचतो. शिवाय कुकी साठवायला एक फाइल.

नव्या मशीनवर स्क्रिप्ट हलवताना मी नेटआरसी न्यायलाच विसरले. आर्काइव्हने मला लॉगिनच्या पानावर पाठवलं, ते पान व्यवस्थित आलं, स्टेटस २००. कर्लला तक्रार करायला जागाच नाही. आठवडाभर रोज तेच लॉगिनचं पान .जीझेड नावाने साठत होतं. तेव्हापासून उतरलेल्या प्रत्येक गोष्टीला आधी 'फाइल' आज्ञा लावते. ती नावाकडे बघत नाही, आतले पहिले बाइट बघते. जीझिप म्हणाली तर पुढे, एचटीएमएल म्हणाली तर मला मेल.

शेलारमामा · मंगळवार, संध्याकाळी ६.३०

ताई, नेटआरसीचं नाव काढलंत आणि जुने दिवस आठवले. अवांतर होतंय, चालवून घ्या.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ला व्हीएसएनएलने इंटरनेट सुरू केलं. माझ्याकडे शेल अकाउंट होतं. चित्रं नाहीत, माउस नाही, काळ्या पडद्यावर थेट युनिक्सचा प्रॉम्प्ट. एफटीपी करायचं, लांबच्या सर्व्हरवरून फाइल आधी त्या शेलच्या कोट्यात आणायची, मग झेडमोडेमने (मोडेमवरून फाइल पाठवायची पद्धत) फोनच्या तारेवरून घरी. दोन टप्पे. कोटा भरला की पहिली उडवून दुसरी.

एफटीपीला शिरल्यावर 'बायनरी' टाइप करायला विसरलात तर तो मजकूर समजून ओळींचे शेवट बदलून द्यायचा. झिप फाइलमध्ये ओळी कुठल्या असायला? पण जिथे जिथे तसा बाइट दिसला तिथे त्याने हात फिरवलेला. मी एका रात्रीत एक कम्पायलर असा वाया घालवला आणि फोनचं बिल वडिलांनी भरलं. म्हणून मग नेटआरसीत मॅक्रो लिहिला: आत शिरताच आपोआप बायनरी, प्रॉम्प्ट बंद, अमुक डिरेक्टरी, एमगेट. मॅक्रोच्या शेवटी रिकामी ओळ सोडायची, नाहीतर तो संपलाच नाही असं समजायचं. आपोआप फाइल आणण्याचं माझं पहिलं स्क्रिप्ट ते.

आणि हो, एफटीपीचा पहिला मसुदा, आरएफसी ११४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज), एप्रिल १९७१, लिहिणारे अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे, तेव्हा एमआयटीत होते. ब्राउझरांनी २०२१मध्ये एफटीपी काढून टाकलं तेव्हा ते पन्नाशीला आलं होतं.

निशाचर · मंगळवार, रात्री ११.४५

अवांतराला अवांतर: कर्लचा जन्मही असल्याच कामातून झालाय. डॅनिअल स्टेनबर्गला गप्पांच्या बॉटसाठी चलनाचे दर रोज आपोआप आणायचे होते. त्याने हाताशी असलेलं एचटीटीपीगेट नावाचं छोटं साधन घेतलं, वाढवत नेलं, आणि १९९८मध्ये त्याचं नाव कर्ल झालं.

बालाघाटी, आता ही फाइल आणायची कटकट क्रॉनला (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारा) देऊन टाका. रात्री २ला लावा, सर्व्हरवर ताण नसतो.

सातासमुद्रापार · बुधवार, दुपारी १२.१५

कोणाच्या रात्री २? भारतात रात्रीचे २ म्हणजे उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचा दुपारचा दीड. ऐन कामाची वेळ. त्यांना सोयीचं हवं तर आपल्या दुपारी २ला लावा.

आणि वेळ कुठलीही असो, डब्ल्यूगेटला वेट आणि लिमिट-रेट सांगा. दोन फायलींमध्ये दोन सेकंद थांबल्याने आपलं काही बिघडत नाही. एक्सआर्ग्जने वीस-वीस जोडण्या उघडून फुकटच्या आर्काइव्हवर तुटून पडणारे लोक पाहिलेत मी. मग आख्ख्या संस्थेचा पत्ता ब्लॉक होतो आणि बाकीचे विचारत बसतात काय झालं म्हणून.

चहाबाज · बुधवार, दुपारी १२.५०

कबुली देतो. कॉलेजात असताना डब्ल्यूगेट मायनस आर (फोल्डरातलं सगळं उतरव) लावून घरी गेलो. मायनस एनपी लावायचं राहिलं. म्हणजे 'वरच्या डिरेक्टरीत जाऊ नकोस' हे सांगितलंच नाही. मला हवा होता एक फोल्डर. तो वर चढला, तिथून बाजूच्या सगळ्या फोल्डरांत उतरला. सकाळी लॅबची डिस्क भरलेली आणि सरांचा चेहरा बघण्यासारखा.

बालाघाटी · शुक्रवार, रात्री ९.३०

सगळं केलं. अर्धवट नाव, तपासणी, मग खरं नाव. हाताने चालवलं की मस्त चालतं. पण क्रॉनमध्ये तीन दिवस झाले, काहीच होत नाही. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीतच स्क्रिप्टला आजची तारीख देतोय, डेट अधिक टक्का वाय, टक्का एम असं. टर्मिनलवर तीच ओळ चालते!

शेलारमामा · शुक्रवार, रात्री ९.४१

टक्का. क्रॉनटॅबमध्ये टक्क्याचा अर्थ नवी ओळ. पहिल्या टक्क्यापाशी आज्ञा संपते, उरलेलं तिला इनपुट म्हणून जातं. प्रत्येक टक्क्याआधी बॅकस्लॅश द्या, किंवा शहाण्यासारखं तारखेचं काम स्क्रिप्टच्या आत न्या.

क्रॉनने तुम्हाला हे सांगितलंय, तुम्ही वाचलं नाहीत. मशीनवर टपालाची सोय असेल तर व्हारखालच्या मेल डिरेक्टरीत तुमच्या नावाची फाइल बघा. शिवाय क्रॉनचा पाथ (आज्ञा कुठे शोधायच्या त्याची यादी) तोकडा असतो, तुमच्या टर्मिनलसारखा नाही. आज्ञांचे पूर्ण पत्ते लिहा. आणि पुढे एफलॉक मायनस एन लावा, म्हणजे कालचं स्क्रिप्ट अजून चालू असेल तर आजचं मुकाट्याने परत जाईल, दोघं एकाच अर्धवट फाइलवर लिहिणार नाहीत.

बालाघाटी · शुक्रवार, रात्री १०.०२

तीन पत्रं पडली होती तिथे. तिन्हींत 'कंस बंद झाला नाही'. मामा, पाया पडतो.

सातासमुद्रापार · शनिवार, दुपारी २.१०

एक विचारू? रोज कशासाठी चालवताय? चर्प्सचा अंतिम डेटा महिन्याचा एकदम येतो, पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास. त्याआधी येतो तो प्राथमिक, आणि तो वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. खंड मोजताना दोन्ही मिसळलेत तर सगळंच विसकटेल. महिन्यातून एकदा, २५ तारखेला, मागचा महिना आणा. नसेल आला तर २८ला परत बघा.

दुसरं, मराठवाडा सगळा मिळून त्या १ कोटी ४४ लाख चौकोनांपैकी अडीचेक हजारांत बसतो. जुनी वर्षं हवी होती तर रोजच्या फायलींऐवजी वार्षिक नेटसीडीएफ फायली (वर्षाचे सगळे दिवस एकाच फाइलमध्ये) घ्यायच्या होत्या. ४४ फायलींत काम झालं असतं.

बालाघाटी · शनिवार, दुपारी २.२५

ताई, हे सोमवारी का नाही सांगितलंत. 😭

निशाचर · शनिवार, दुपारी ३.००

जुन्या फायली ताज्या ठेवायला डब्ल्यूगेट मायनस सी चालेल ना? तुटलेलं तिथून पुढे जोडतो.

शेलारमामा · शनिवार, दुपारी ४.२०

तुटलेल्याला चालेल, ताज्याला नाही. मायनस सी फक्त आकार बघतो. तिकडे त्याच नावाने सुधारलेली, थोडी मोठी फाइल ठेवली असेल, तर तुमच्या जुन्या धडाला नव्याचं शेपूट चिकटवेल. त्या कामाला मायनस कॅपिटल एन. तो तिकडची वेळ आणि आकार आपल्याशी ताडून बघतो. आर्काइव्ह आरसिंक (दोन्हीकडचं ताडून फक्त बदललेलं आणणारं साधन) देत असेल तर तेच घ्या, प्रश्नच मिटला. शा२५६ची (प्रत्येक फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) यादी ठेवली असेल तर तीही उतरवून ताडा.

आणि बालाघाटी, 'मागचा महिना' काढताना डेटला नुसतं 'लास्ट मंथ' म्हणू नका. ३१ जुलैला विचारलंत तर ती एक महिना मागे जाते, ३१ जूनला पोचते, तो नसतो, म्हणून १ जुलै सांगते. तुमचा जुना मित्र. आधी चालू महिन्याची १५ तारीख धरा आणि तिथून महिना मागे जा.

हरभरा · पाच महिन्यांनी, रविवार, सकाळी ११.१५

धागा वर काढतोय, माफ करा. हेच सगळं मॅकवर करतोय. डब्ल्यूगेट नाही, एफलॉक नाही, आणि डेट मायनस डी देऊन 'अधिक १ दिवस' म्हटलं की शिव्या घालतं.

बालाघाटी · रविवार, दुपारी १२.०५

मॅकवरची डेट बीएसडीची आहे, तिची भाषा वेगळी. मायनस जे, मग मायनस व्ही अधिक १डी, मग मायनस एफ आणि तारखेचा साचा. किंवा होमब्रूवरून (मॅकवर अशी साधनं बसवणारं साधन) कोअरयुटिल्स टाका, जीडेट मिळेल, ती आमच्या लिनक्ससारखी चालते. कर्ल मॅकवर असतोच, मायनस एफ आणि कॅपिटल एल विसरू नका. एफलॉकऐवजी एमकेडीआयआर: कुलूप नावाचा फोल्डर बनवायचा, आधीच असेल तर आज्ञा फसते, तिथेच बाहेर पडायचं. संपताना ट्रॅपने काढून टाकायचा, नाहीतर स्क्रिप्ट मध्येच मेलं की कुलूप तसंच राहतं. माझं राहिलं होतं, ऑगस्टचा डेटा सप्टेंबरात आलाच नाही.

क्रॉनला देण्याआधी तारखेचा भाग ३१ जुलै आणि १ मार्च धरून हाताने चालवून बघा.

हरभरा · रविवार, दुपारी १२.४०

१ मार्चला २९ फेब्रुवारी मागतंय. २०२३चा.

बालाघाटी · रविवार, दुपारी १२.४२

लूप हाताने लिहिलाय ना? दाखवा.